आमची वाटचाल : नाव छापण्यापासून वस्तू निवडण्यापर्यंत

सांगलीतील आमच्या छापखान्याची सुरुवात लग्नपत्रिका आणि बिलबुकांच्या छपाईने झाली. दिवाळी जवळ आली की दुकानदार पेन, कीचेन आणि दिनदर्शिका यांवर नाव छापून घेण्यासाठी येत, आणि सर्वांत स्वस्त काय मिळेल, हाच त्यांचा पहिला प्रश्न असे. आता दर सांगण्याआधी आम्ही त्यांना विचारतो की, वस्तू कोणाच्या हाती जाणार आहे आणि तिथे तिचा रोज काय उपयोग होणार आहे. हे विचारू लागल्यापासून आमचे कामच बदलले.

दिनदर्शिकेचेच पाहा. घरात तिच्यासाठी खिळे एक-दोनच असतात, त्यामुळे उशिरा पोहोचलेली दिनदर्शिका कितीही देखणी असली तरी गुंडाळलेलीच राहते. म्हणून आम्ही मजकूर दसऱ्यापूर्वीच मागवतो आणि चित्राची जागा कमी करून तारखा ठळक ठेवतो. दुधाचे, गॅस सिलिंडरचे टिपण करता येईल एवढी रिकामी चौकट असलेले पान घरातील माणसे रोज पाहतात, आणि खालच्या पट्टीवरील दुकानाचे नाव आपोआप नजरेखालून जाते.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि तिच्यात कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्याही होत्या. तेव्हापासून जाड मांजरपाटाच्या पिशव्यांना मागणी वाढली. नाव संपूर्ण पिशवीभर हवे, असा बहुतेकांचा आग्रह असतो. परंतु जाहिरातीचा फलक खांद्याला अडकवून बाजारात जायला कोणाला आवडेल? नाव कोपऱ्यात, बंद लांब आणि शिलाई दुहेरी असली तर तीच पिशवी वर्षानुवर्षे भाजीला जाते.

मला सर्वाधिक समाधान मिळाले ते कृषी सेवा केंद्रांसाठी केलेल्या खिशात मावणाऱ्या फवारणी वहीमुळे. तासगाव आणि मिरज भागातील द्राक्ष बागायतदाराला छाटणीपासूनचा दिवस, औषधाचे नाव, प्रमाण आणि शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये सोडायचा काळ यांची नोंद ठेवावी लागते, आणि माल निर्यातीला जाणार असेल तर फळात उरलेल्या औषधांच्या अंशांच्या तपासणीमुळे त्या नोंदीला फार महत्त्व असते. ही वही ऑक्टोबर छाटणीच्या आधी, दुकानदाराने स्वतः, रकाने समजावून सांगत बागायतदाराच्या हातात दिली, तर हंगाम संपेपर्यंत ती खिशातून हलत नाही. तोच गठ्ठा कृषी प्रदर्शनात येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटला, तर त्यातील बराचसा ज्यांची बागच नाही अशांच्या घरी पडून राहतो.

खर्चाचा हिशेबही आम्ही आधीच स्पष्ट करतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार भेट म्हणून दिलेल्या मालावरील कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक नगाची किंमत करासह धरली पाहिजे. कमी नग घ्यावेत, पण टिकाऊ घ्यावेत, असा सल्ला आम्ही देतो, जरी त्यात आमचे बिल लहान होते.

अलीकडे आम्ही वहीवर एक आणि पेनवर दुसरा, असे वेगवेगळे मोबाइल क्रमांक छापण्यास सुचवतो, म्हणजे कोणत्या वस्तूमुळे चौकशी आली हे दुकानदाराला फोन वाजताच कळते. असे क्रमांक वापरणाऱ्या काही केंद्रांनी पेन बंद करून ती रक्कम वहीच्या चांगल्या कागदाकडे आणि पाणी न लागणाऱ्या वेष्टनाकडे वळवली आहे.