कीक्लोक २४ वरून थेट २६ वर उडी मारू नका

बुधवारी रात्री अंबडच्या एका कारखान्याचं कीक्लोक, म्हणजे लॉगिन सांभाळणारं सॉफ्टवेअर, व्हर्जन २४ वरून थेट २६ वर नेलं. हजेरी, स्टोअर, क्वालिटी, तिथल्या सगळ्या ॲप्सचं लॉगिन या एकाच सर्व्हरवर आहे. टेस्ट सर्व्हरवर नीट चाललं होतं म्हणून निवांत होतो.

कंटेनर (ज्या डब्यात हे सॉफ्टवेअर चालतं तो) सुरू झाला, लॉगमध्ये एकही एरर नाही, आणि थोड्या वेळाने आपोआप रिस्टार्ट. परत वर, परत रिस्टार्ट. मी तासभर डेटाबेसलाच दोष देत बसलो आणि शेवटी दिसलं की २५ पासून हेल्थ चेक (सर्व्हर जिवंत आहे का ही आपोआप होणारी तपासणी) ८०८० पोर्टवरून उठून ९००० या वेगळ्या मॅनेजमेंट पोर्टवर गेलाय, आमचा चेक जुन्या पोर्टवर विचारत होता, त्याला ४०४ (सापडलं नाही) मिळत होता आणि चांगला चालणारा सर्व्हर उगाच मारला जात होता. टेस्टवर हेल्थ चेक लावलेलाच नव्हता, मग तिथे कसं कळणार! होस्टनेमची (सर्व्हरच्या पत्त्याची) जुनी सेटिंग्जही २६ मधून काढून टाकलीत, ती नव्याने लिहिली, त्यात पहाट झाली.

खरा त्रास सातला, पहिल्या शिफ्टला. सुपरवायझरचा फोन, "सर, सगळ्या टॅबलेटवर परत लॉगिन मागतंय, पोरांना पासवर्ड आठवत नाहीयेत, गेटवर लाईन लागलीय." जुनी सगळी सेशन्स, म्हणजे आधीची चालू लॉगिन्स, गेली होती. २६ मध्ये कॅशमधला (मेमरीतला तात्पुरता) डेटा साठवायची पद्धतच बदललीय, आणि अपग्रेड गाईडमध्ये स्पष्ट लिहिलंय की सेशन्स टिकवायची असतील तर आधी २५ वर या, तिथे पर्सिस्टंट सेशन्स (डेटाबेसमध्ये साठवलेली) चालू करा, मग २६. मी फक्त २६ च्या नव्या फीचर्सचं पान वाचलं होतं. त्यात २५ पासून पासवर्ड हॅशिंग (पासवर्ड उलगडता न येणाऱ्या रूपात बदलणं) डिफॉल्टने आर्गॉन२ या पद्धतीवर गेलंय, एका हॅशला ७ एमबी मेमरी लागते, म्हणजे अख्खी शिफ्ट एकदम लॉगिन करायला लागली की मेमरीही तेवढी मोकळी पाहिजे, आमची कशीबशी पुरली.

मला सगळ्यात लागलं ते गेटवरच्या लाईनचं. हजेरी उशिरा लागली की त्या माणसाचा पगार कापला जातो हो, त्याचा काय दोष? सुपरवायझरने वहीत नावं लिहून घेतली, आम्ही दुपारपर्यंत एकेक वेळ हाताने दुरुस्त केली.

सातपूरच्या दुसऱ्या क्लायंटचं अपग्रेड आता त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, शनिवारी ठेवलंय. आधी २५, टेस्टवर हेल्थ चेकसकट, आणि टॅबलेटचे पासवर्ड शुक्रवारीच सगळ्यांना रिसेट करून देणार.