तुम्ही विचारलंत म्हणून: साठ परस खोल आड

पाहुणे भारतात परत पोचले की आठवड्याभरात कुणाचा तरी फोन येतो. "अगं, त्यांना तू म्हणे विहीर दाखवायला नेलंस? एवढे पैसे खर्चून इंग्लंडला आले आणि विहीर?" बकिंगहॅम पॅलेस, लंडन आय, बाथ हे सगळं त्यांचं त्यांनी बघितलेलं असतं, पण लक्षात राहते ती माझी विहीर, आणि तक्रार तिचीच होते. तुम्हीही परवा तेच विचारलंत. जरा सौम्यपणे विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

गावाचं नाव स्टोक रो. ऑक्सफर्डशरच्या दक्षिण टोकाला, चिल्टर्नच्या टेकड्यांवर. आमच्या रेडिंगहून गाडीने अर्धा तासही लागत नाही. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, एक चर्च, दुकान, शाळा आणि सभोवती बीच नावाच्या झाडांचं रान. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही चुकूनच गेले होते. नवऱ्याने वळण चुकवलं आणि डावीकडे झाडांमधून एकदम सोनेरी हत्ती दिसला. हत्तीवर घुमट, घुमटाला ओतीव लोखंडाचे खांब, आणि बनारसच्या महाराजांनी ही विहीर दिली अशा अर्थाची अक्षरं. इंग्लंडातल्या खेड्यात, हिरवळीच्या मधोमध. गाडी थांबवायलाच लागली.

आधी गावाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय विहिरीचं मोल कळत नाही. इथे पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या ताब्यातला मुलूख. पुढे 1894 च्या कायद्याने त्याच धर्तीवर गावपंचायती आल्या. चिल्टर्नच्या या बाजूचे जुने पॅरिश लांबट पट्ट्यांसारखे आहेत. थेम्सकाठच्या सपाटीवर मूळ गाव, तिथेच चर्च आणि चांगली शेती, आणि पट्टा वर चढत जाऊन टेकडीवरच्या रानात संपतो. खालच्या माणसाला वरून लाकूडफाटा मिळावा, जनावरं चारता यावीत, म्हणून ही वाटणी. स्टोक रो अशा तीन-चार पट्ट्यांच्या शेपटांवर वसलेलं. आपल्या भाषेत, शिवेवरची वाडी. प्रत्येक गावाची थोडी थोडी, म्हणून पुरती कुणाचीच नाही. स्वतःचं चर्च मिळालं 1846 मध्ये, आणि स्वतःची पंचायत तर विसाव्या शतकाच्या मध्यात. वाडीतली माणसं विटा भाजायची, बीचच्या लाकडाचे खुर्च्यांचे पाय आणि तंबूच्या खुंट्या करायची. गरीब वस्ती.

आणि पाणी नाही. इंग्लंडात पाणी नाही, हे ऐकून पाहुणे माझ्याकडे संशयाने बघतात, कारण तेव्हा बहुधा भुरभुर चालूच असते. पण पाऊस पडणं वेगळं आणि पाणी असणं वेगळं, हे माणदेशात वाढलेल्या मला तरी पटायला वेळ लागला नाही. आमच्याकडे काळा कातळ, पाणी भेगांमध्ये अडकलेलं. इथे त्याच्या उलट. सगळी टेकडी खडूच्या दगडाची, पडलेलं पाणी सरळ खाली जिरतं आणि फार खोल जाऊन थांबतं. अगदी वर चिकणमाती आणि गारगोट्यांचा थर आहे, त्यावर डबकी साचतात, विटांसाठी खणलेल्या खड्ड्यांत गढूळ पाणी राहतं. तेच प्यायचं. उन्हाळ्यात तेही आटलं की मैलोन् मैल चालून आणायचं.

शेजारच्या इप्सडेनच्या जमीनदार घराण्यातला एडवर्ड अँडरडन रीड हा मुलगा इथे वाढला, आणि पुढे कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात गेला. गोष्ट अशी सांगतात की त्याने लहानपणी एका पोराला आईच्या हातचा मार खाताना पाहिलं होतं. पोराचा गुन्हा एवढाच, की घरातलं उरलंसुरलं पाणी त्याने न विचारता पिऊन टाकलं. 1831 मध्ये रीडने आझमगढकडे लोकांसाठी एक विहीर खोदवली. बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याची ओळख वाढली आणि कधीतरी गप्पांत त्याने आपल्या गावाकडची ही रड सांगितली. रीड निवृत्त होऊन परतला, आणि महाराजांना इंग्लंडात काही धर्मकार्य करावंसं वाटलं तेव्हा त्यांना तीच गोष्ट आठवली. तुमच्या माणसाने आमच्याकडे विहीर दिली, आम्ही तुमच्याकडे देतो.

माझ्या मते या सगळ्या इतिहासात त्या पोराचा मार हीच एक गोष्ट खरी महत्त्वाची आहे. राजे, साहेब, घुमट हे नंतरचं.

10 मार्च 1863 ला खोदाई सुरू झाली. त्या दिवशी इंग्लंडच्या युवराजाचं लग्न होतं, मुहूर्त तसाच धरलेला. 24 मे 1864 ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर लोकांसाठी खुली झाली. खोली 368 फूट. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल आत उभं केलं तर वरचा क्रूससुद्धा काठाच्या खाली राहील. अर्थात आत मावायचं नाही, कारण रुंदी फक्त चार फूट. हे सगळं हाताने खणलं. विहिरीचा खर्च 353 पौंड 13 शिलिंग 7 पेन्स. वरची यंत्रं वॉलिंगफर्डच्या वाइल्डर यांच्या कारखान्याची, हत्तीही त्या यंत्रावरच बसवलेला.

माझी आत्या आली होती तेव्हा तिला घेऊन गेले. आत्याने बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेली आहे, म्युझियममध्ये तिचा जीव रमत नाही. विहिरीपाशी मात्र ती सरळ झाली. आधी वाकून पाहिलं. मग एक फेरी मारून म्हणाली, "ही हीर न्हवं. आड हाय." आणि ती बरोबर होती. इतकी वर्षं मी विहीर विहीर म्हणत होते. रुंद, उतरायला पायऱ्या, मोट चालायला धाव, ती विहीर. अरुंद, गोल, दोरी सोडून पोहऱ्याने शेंदायचं, तो आड. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, त्याला ते तरी काय करणार.

"किती परस?"

मी मनात भागाकार केला. सहा फुटांचा एक परस धरला तर साठाच्या वर. आत्या काही बोलली नाही. आमच्या सातारा जिल्ह्यातली लिंबची बारा मोटांची विहीर, शाहू महाराजांच्या काळातली, एकशे दहा फूट खोल. तिचं आम्हाला केवढं कौतुक. हा आड तिच्या तिपटीहून खोल.

"आन् खणली कुणी? त्येचं नाव न्हाय व्हय कुठं लिवल्यालं?"

नव्हतं. घुमटावर राजाचं आहे. चार फुटांच्या भोकात दुसऱ्या माणसाला टिकाव मारायला जागा नाही, म्हणजे तळाशी बहुतेक वेळ एकटाच कुणीतरी, डोक्यावर नाण्याएवढा आकाशाचा तुकडा, आणि वर जाणारी खडूची बादली निसटली तर संपलंच. आत्याने हात जोडले. हत्तीला की त्या माणसाला, मी विचारलं नाही.

पाणी वर यायला दहा मिनिटं लागत. पोहरा नऊ गॅलनचा, म्हणजे चाळीसेक लिटर, आपले दोन-अडीच हंडे. एका पोहऱ्याला दहा मिनिटं चाक फिरवायचं. तरी पाणी फुकट होतं, कायमचं, ही दात्याची अट. गावाने सत्तरहून अधिक वर्षं ते प्यायलं, नळ आले तेव्हा सुटलं.

देखभालीचा खर्च कुठून काढायचा याचाही विचार झाला होता, आणि हा भाग मला फार आवडतो. शेजारची चार एकर जमीन घेऊन चेरीची बाग लावली. फळं विकून जे येईल त्यातून विहिरीची डागडुजी. बागेचं नाव ईश्री बाग, महाराजांच्या नावावरून. माशाच्या आकाराचं एक तळंही केलं, कारण मासा हे बनारसच्या राजघराण्याचं चिन्ह. राखणदाराला तिथेच एक छोटं घर. देवळाला इनाम जमीन लावून द्यावी तशी ही पद्धत. रीडने हे हिंदुस्थानातच पाहिलं असेल असं मला वाटतं, पण हा माझा अंदाज.

आता दुसरी बाजू. आमच्या एका पाहुण्यांनी हत्तीसमोर सेल्फी घेतला आणि ते खुशीत म्हणाले, "म्हणजे आपण इंग्रजांना पाणी पाजलं!" वाक्य झकास आहे. सगळे हसलो. पण मग परतीच्या वाटेवर मी जरा विरजण घातलं. 1857 मध्ये हे महाराज इंग्रजांच्या बाजूने उभे होते. रीड तेव्हा आग्र्याला. सप्टेंबरात लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्व्हिन आग्र्याच्या किल्ल्यात वारला आणि काही काळ प्रांताचा कारभार रीडच्याच हाती आला. तोच प्रांत, जिथे कानपूरला नानासाहेब होते. झाशीची राणी तर काशीतच जन्मलेली, मणिकर्णिका नाव तिथलंच. ती 1858 मध्ये लढताना पडली, आणि सहा वर्षांनी काशीनरेशांच्या विहिरीचं इंग्लंडात उद्घाटन झालं. हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की सेल्फीतलं हसू थोडं आखडतं.

निष्ठा दाखवायची ही रीतच होती. लंडनच्या रीजंट्स पार्कात मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिलेलं पाण्याचं कारंजं आहे, 1869 चं. इंग्रजी अमलात आपल्याला आणि पारशी बांधवांना संरक्षण मिळालं त्याबद्दल आभार, असं त्यावर कोरलंय. आमच्या काशीनरेशांनीही विहिरीवर थांबवलं नाही. 1871 मध्ये राजकन्या लुईझच्या लग्नानिमित्त गावात पायवाट करून दिली. 1882 मध्ये राणीवर विंडसरला गोळी झाडली गेली आणि ती वाचली, तेव्हा बनारसहून पैसे आले आणि स्टोक रोच्या लोकांना पाव, चहा, साखर वाटली, जेवण घातलं. काशीच्या राजाने राणी बचावली म्हणून ऑक्सफर्डशरच्या विटभट्टीवाल्यांना जेवू घालणं, यावर हसावं की रागवावं हे माझं अजून ठरलेलं नाही. दर वेळी पाहुण्यांनुसार बदलतं. महाराज स्वतः इथे कधी आलेच नाहीत. गंगेपलीकडच्या रामनगरच्या किल्ल्यातून हे सगळं चालायचं.

पण तहान लागलेल्याला पाणी देणाऱ्याचं राजकारण विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. चैत्रात पाणपोई घालणारा सावकार असला तरी लोक पाणी पितात आणि सावकाराला शिव्या वेगळ्या देतात. मी दोन्ही करते.

बाकी गावात बघायचं म्हणाल तर गारगोटीच्या भिंतींचं ते 1846 चं चर्च आहे, 1815 चं साधं चॅपल त्याहून जुनं. रानात जरा आत 'क्रुकेड बिलेट' नावाचा पब आहे, जुन्या पद्धतीचा, काउंटर नसलेला. जेवण महाग आहे, बिल मी देत नाही. मे महिन्यात बीचच्या रानात निळ्या फुलांचा गालिचा असतो, तो मात्र फुकट.

1961 मध्ये राणी एलिझाबेथ बनारसला गेली होती, तेव्हा तिथल्या महाराजांनी या विहिरीची आठवण काढली. 1964 मध्ये शंभरी साजरी झाली, प्रिन्स फिलिप आले होते. आता पाणी कुणी काढत नाही. हत्तीला मधूनमधून नवा सोनेरी रंग बसतो, गवत कापलेलं असतं, चेरीची झाडंही आहेत.

तुमची तिकिटं मेच्या दुसऱ्या आठवड्यातली ना? मग शनिवार मोकळा ठेवा. बूट जाड घाला, रानात चिखल असतो. आणि आत्याने विचारलेलं तुम्ही विचारू नका, त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.