शेवटच्या सम्राटाची पेन्शन

वर्षाला २७ किलो सोनं. मोबाइलवर तीनदा गुणाकार केला, तरी आकडा तोच. सॉलिडस हे रोमन सोन्याचं नाणं, एका रोमन पौंडात ७२ बसत, म्हणजे एकेक साधारण साडेचार ग्रॅमचं. असली ६,००० नाणी दरसाल. पश्चिम रोमचा शेवटचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलस याला गादीवरून उतरवल्यावर मंजूर झालेली ही पेन्शन.

मी एका जिल्ह्याच्या ट्रेझरीत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी पेन्शनच्या टेबलावर. (माझी स्वतःची सुरू व्हायला सात महिने लागले, पण तो विषय नको.) शाळेत 'इ.स. ४७६ साली पश्चिम रोमन साम्राज्याचा अस्त झाला' एवढं एकच वाक्य पाठ केलं होतं, गाळलेल्या जागा भरण्यापुरतं. अस्त म्हटलं की डोळ्यांसमोर आगी आणि किंकाळ्या. लेक इटलीत बोलोन्याला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा एका शनिवारी तिने मला रेल्वेत बसवून रवेन्नाला नेलं. पश्चिमेचा दरबार ४०२ मध्ये मिलानहून इथे आला होता, दलदलीच्या आडोशाला.

मला विचाराल तर सगळं प्रकरण खजिन्याचं आहे. ४३९ मध्ये व्हँडल या जर्मन टोळीने कार्थेज घेतलं, आणि उत्तर आफ्रिकेचं धान्य आणि महसूल गेला. ४६८ मध्ये ते परत मिळवायला भलं मोठं आरमार निघालं, तेही व्हँडलांनी पेटती जहाजं सोडून जाळलं. जमा आटली, खर्च तेवढाच. इटलीतलं सैन्य तोवर बहुतेक जर्मन टोळ्यांतलं होतं. त्यांनी इटलीच्या जमिनीतला तिसरा हिस्सा मागितला. सरसेनापती ओरेस्टीस नाही म्हणाला. हा रोम्युलसचा बाप, आणि एके काळी अटिला हूणाचा चिटणीस! हूणांच्या दरबारी कारकुनी केलेल्या माणसाचं पोर रोमच्या गादीवर, हे मला परीक्षेत कुणी सांगितलं नव्हतं. मग ओडोएसर नावाचा त्या सैन्यातलाच एक अधिकारी म्हणाला, मला राजा करा, हिस्सा मी देतो. २८ ऑगस्ट ४७६ ला ओरेस्टीस मारला गेला, ४ सप्टेंबरला पोरगा खाली उतरला. कारकीर्द जेमतेम दहा महिन्यांची. कोवळं वय आणि देखणा चेहरा बघून ओडोएसरला दया आली, असं एक जुना वृत्तांत सांगतो. त्याला नेपल्सजवळच्या लुकुलसच्या गढीत धाडलं आणि राजचिन्हं पूर्वेच्या रोमन सम्राटाकडे कॉन्स्टँटिनोपलला पाठवून दिली.

पुढे पूर्वेच्या झेनो सम्राटाने गॉथांचा राजा थिओडोरिक याला इटलीवर सोडलं. लांब वेढा, ४९३ मध्ये तह, आणि तहानंतरच्या मेजवानीत थिओडोरिकने ओडोएसरला स्वतःच्या हाताने कापलं. पण थिओडोरिकच्या ३३ वर्षांत सिनेट भरत होतं, कॉन्सल नेमले जात होते, रोमनांना रोमन कायदाच लागू होता. लिबेरियस नावाचा एक रोमन अधिकारी ओडोएसरच्या नोकरीत होता, आणि धनी बुडेपर्यंत त्याने त्याला सोडलं नाही. थिओडोरिकने त्यालाच सर्वांत वरचा मुलकी अधिकारी केलं आणि गॉथांना हिस्से वाटायचं काम दिलं. जमिनी वाटल्या की जमिनींचा महसूल, यावर इतिहासकार अजून भांडतात. माझं मत महसुलाकडे झुकतं. महसूल वळवायला एक आदेश पुरतो. जमीन मोजून हद्दी पाडायच्या म्हणजे तीन पिढ्यांचे दावे, आणि इथे तर म्हणे फारसा बोभाटाच झाला नाही.

सांत अपोलिनारे नुओव्हो हे थिओडोरिकने बांधलेलं चर्च. आत भिंतीवर मोझेकमध्ये त्याचा राजवाडा आहे, कमानी, खांब, आणि खांबांमध्ये पांढरे पडदे. मी सोनेरी चकाकीकडे बघत बसलो.

"बाबा, पडदे सोडा. खांब बघा."

खांबांवर हात होते. नुसते हात. एकाची बोटं, एकाचा कोपरापर्यंतचा भाग, आणि मागे माणूस नाही. तिथे पूर्वी राजदरबार उभा होता, बहुधा खुद्द थिओडोरिकही. ५४० मध्ये पूर्वेच्या सैन्याने रवेन्ना घेतलं, काही वर्षांनी चर्च गॉथांच्या एरियन या वेगळ्या ख्रिस्ती पंथाकडून कॅथलिकांकडे गेलं, आणि माणसं काढून तिथे पडदे बसवले. खांबांवर टेकलेले हात तेवढे राहिले. फायलीतून पान फाडलं की टॅगपाशी चिटोरं उरतं, तसं.

परतीच्या गाडीत लेकीने लॅपटॉपवर एक पत्र काढून दिलं. थिओडोरिकच्या नावाने त्याचा रोमन चिटणीस कॅसिओडोरस पत्रं लिहायचा, त्यांतली शेकडो आज उपलब्ध आहेत. हे ५०७ ते ५११ च्या दरम्यानचं, रोम्युलस नावाच्या माणसाला. मजकूर दोन-चार ओळींचा. तुम्हाला आणि तुमच्या आईला लिबेरियसने आमच्या आदेशाने जे लेखी दिलं आहे, ते कायम राहील, कुणी शंका घेऊ नये. हा आपला रोम्युलसच, असं काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत.

मी ते चार वेळा वाचलं. जुन्या सरकारची मंजुरी, नवं सरकार आलं, पेन्शनर घाबरून अर्ज करतो, वरून उत्तर येतं, 'पूर्ववत चालू ठेवावे'. असली पत्रं मी किती टाइप केली असतील.

"म्हणजे तो तेव्हा चाळिशीत असेल," लेक म्हणाली.

"आणि आई हयात."

तो कधी वारला, हे कुठल्याही जुन्या वृत्तांतात नाही. पेन्शन बंद केल्याची नोंदही नाही.