बुडाला बघ

मृत्युपत्र करायचं म्हटलं की पक्षकार आधी जमिनीवर येतात. वेळणेश्वराच्या बाजूच्या त्या काकूंनी जमीन दोन ओळींत संपवली. "सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातलं माझं काय असेल ते तिघा मुलांना सारखं. पुढे चल," म्हणाल्या आणि मला माजघरात घेऊन गेल्या.

तिथे जुन्या लुगड्यावर हंडे, कळशा, घंगाळ, परात, समया, लामणदिवे असं सगळं मांडून ठेवलेलं. साठेक नग तरी असतील. 84 वर्षांच्या बाईने गड्याकडून माळ्यावरून उतरवून घेतले होते नि चिंच लावून लख्ख घासले होते.

कायद्याला एवढं लागत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप नको, नोंदणीही ऐच्छिक. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. भांडीकुंडी 'घरातील सर्व चीजवस्तू' एवढ्यात बसतात. पण जमिनीच्या वाटपावर मुकाट सह्या करणारे भाऊ एका समईवरून बोलेनासे झालेले मी पाहिलेत. म्हणून यादी करायला बसलो.

"गेल्या वर्षी चिठ्ठ्या डकवल्या होत्या," काकू म्हणाल्या, "मिरग लागला नि सगळ्या गळून पडल्या. तू बुडाला बघ."

बुडाला टिंबाटिंबांनी नावं कोरलेली. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात, कुठल्या साली. मी मोबाइलवर प्रत्येक नगाचे दोन फोटो काढत होतो, एक समोरून, एक बुडाचा. आणि काकू सांगत होत्या. घंगाळ मुलीला, तिच्या पोरांच्या आंघोळी त्यातल्याच पाण्याने झाल्या. परात धाकट्या सुनेला. "मुलाचं नाव घालू नकोस हां. उकड ती मळते, तो नुसते मोदक खातो." मी सुनेचं पूर्ण नाव लिहिलं. ही खबरदारी बरेच जण घेत नाहीत.

मग एक मोठा पितळी टोप उलटा केला. नाव भलत्याच घराण्याचं, खाली 1974.

"हा आमचा नव्हे. थोरल्याच्या मुंजीला वरच्या वाडीतून मागून आणलेला. द्यायचा राहिला. ती माणसं मुंबईस गेली, घरही पडलं."

"काकू, जे तुमचं नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही."

"म्हणून तर दाखवत्ये. नाहीतर माझ्यामागे पोरं वाटून घेतील." थोडं थांबून म्हणाल्या, "कल्हई मात्र दरवर्षी मी लावून घेतली. ते पैसे कुणी मागायचे नाहीत, तेही लिही."

तसं लिहिलं. नग 41, पितळी टोप, परक्याचा. मूळ मालकाच्या वारसांस परत करणे, कल्हईचा खर्च मागू नये. इतक्या वर्षांच्या वकिलीत अशी नोंद पहिलीच. यादी परिशिष्ट म्हणून जोडली, पानोपान सह्या घेतल्या. काकूंना पायऱ्या उतरवत नाहीत, त्यामुळे दुय्यम निबंधक नोंदणीला घरी आले. 1908 च्या नोंदणी कायद्यात तशी सोय आहे.

टोपासाठी मरेपर्यंत थांबायला काकू तयार नव्हत्या. त्याच दिवशी तो माझ्या गाडीत घातला. वारसांचा पत्ता लागलाय, गणपतीला येतील तेव्हा नेतील. तोवर तो ऑफिसच्या दाराशी आहे आणि आमचा कारकून त्यात पक्षकारांच्या ओल्या छत्र्या ठेवतो. काकूंना हे कळता कामा नये.