किती वाकतो हे नंतर, आधी सरळ होतो का ते बघा

गुडघा बदलून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "किती वाकतो आता?" सरळ होतो का, हे कुणी विचारत नाही. चालायला मात्र आधी पाय सरळ व्हावा लागतो. गुडघ्यात पाच-दहा अंशांचा बाक राहिला की तो पाय आखूड पडल्यासारखा होतो, चाल लंगडी होते. नुसतं उभं राहिलं तरी मांडीच्या पुढच्या स्नायूला सतत जोर लावावा लागतो, म्हणून चार पावलांतच मांडी भरून येते.

हा बाक बरेचदा घरच्यांच्या मायेनेच येतो. सुजलेला गुडघा जरासा वाकवून ठेवला की आतला ताण कमी होतो, दुखणं थांबतं. मग कुणीतरी गुडघ्याखाली उशी सरकवतं आणि रात्रभर ती तिथेच राहते. असे काही आठवडे गेले की गुडघ्यामागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण त्याच मापात आखडतं. गुडघ्याखाली उशी नकोच. आंघोळीचा टॉवेल घट्ट गुंडाळून त्याची लोळी घोट्यामागे, टाचेच्या जरा वर ठेवा. टाच, पोटरी आणि गुडघा अधांतरी, पायाची बोटं छताकडे. आधी 5 मिनिटं, मग वाढवत 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गुडघ्यामागे ओढ बसते, ती बसायलाच हवी. प्रगती बघायची तर टॉवेल काढून कडक गादीवर पाय सोडा आणि गुडघ्यामागून तळहात सरकवा. हात सहज आरपार जात असेल तर अजून काम बाकी आहे.

याच स्थितीत मांडी आवळायची. गुडघ्याने गादी खाली दाबायची, वाटी मांडीकडे सरकताना दिसली पाहिजे. 5 आकडे मोजून सोडायचं, असं 10 वेळा. पहिले काही दिवस मांडी ऐकतच नाही आणि माणूस घाबरतो. सांध्यात सूज असली की या स्नायूला मिळणारा इशाराच मंदावतो. सूज उतरते तसा तो जागा होतो, तोवर नेटाने आवळत राहायचं. पाय न वाकवता वीतभर उचलता आला की समजा गाडी रुळावर आली. जागेपणी दर तासाला घोटा वरखाली हलवणंही चुकवू नका, पोटरीत रक्त साकळू नये म्हणून ते आहे.

वाकवण्यासाठी पायात गुळगुळीत मोजा घाला, गादीवर मेणकापड अंथरा आणि टाच घासत कुल्ल्याकडे आणा. शेवटचा टप्पा पंच्याचा फास तळव्याला अडकवून स्वतःच्या हाताने ओढा, म्हणजे कुठे थांबायचं ते आपल्याच हातात राहतं. दुसऱ्याने जोर लावून गुडघा दाबणं मला अजिबात पटत नाही. स्नायू घाबरून आणखी आवळतात आणि सूज वाढते. साधारण दोन आठवड्यांत 90 अंश आणि सहा आठवड्यांत 110च्या आसपास हे बऱ्याच जणांना जमतं. पण ऑपरेशनपूर्वीच गुडघा कमी वाकत असेल तर शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका. सहा आठवडे झाले तरी 90 गाठत नसेल, तर मात्र सर्जनला दाखवायला उशीर नको.

लिहून दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घ्या. दुखतंय म्हणून व्यायाम टाळला की गुडघा आखडतो, मग जास्तच दुखतो. व्यायामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं ठेवा, जखम ओली होऊ देऊ नका. संध्याकाळी गुडघा टम्म फुगला असेल तर चालणं जास्त झालं. दुसऱ्या दिवशी फेऱ्या कमी करा, व्यायाम बंद करू नका.

काठी चांगल्या पायाच्या हातात धरायची. जवळपास सगळे उलट धरतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. पायपुसणी आणि सुटी सतरंजी काही महिने गुंडाळून माळ्यावर टाका.

जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर लागते, गुडघा कोमट राहतो, चालताना टकटक आवाज येतो. हे महिनोन्महिने चालतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. पण पोटरी अचानक दुखून सुजली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप येऊन गुडघा लाल झाला, तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनच्या नादी न लागता थेट हॉस्पिटल गाठा.

उकिडवं बसणं आणि मांडी घालणं नव्या सांध्याला मानवत नाही. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा, पेशंट घरी आल्यावर धावाधाव नको. आणि खुर्ची घेताना उंची बघा: बसल्यावर कुल्ले गुडघ्यांपेक्षा थोडे वर राहिले पाहिजेत.