'चार्ज' पास करून घेताना

पुण्यात इंग्रजीत लिहिलेलं चिलरचं (थंड करणाऱ्या मशीनचं) सर्व्हिस मॅन्युअल चीनमधल्या सूचौच्या कारखान्यासाठी चिनीत करून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चित्रं, वायरिंग, सुट्या भागांची यादी सगळं बिनबोभाट झालं. घोडं अडलं ते 'चार्ज' या एका शब्दावर.

भाषांतर एजन्सीचा नियम असा, की एका इंग्रजी शब्दाला त्यांच्या शब्दसूचीत एकच चिनी शब्द. त्यांनी धरला 'छोंगत्येन', म्हणजे वीज भरणे. कंट्रोल पॅनलच्या बॅटरीला ठीक आहे हो, पण आमच्याकडे चार्ज म्हणजे मशीनमध्ये भरायचा, थंडावा देणारा आर-३२ गॅस! दोषांच्या तक्त्यात 'कंप्रेसर चालतो, पण थंड करत नाही : नो चार्ज' अशी ओळ होती, म्हणजे आत गॅसच नाही. सॉफ्टवेअरने तिचं भाषांतर कुठल्या तरी जुन्या दरपत्रकातून उचललं : 'म्येनफेइ'. म्हणजे फुकट!

मेलवर मेल टाकले. उत्तर ठरलेलं : "सूची मंजूर झालेली आहे." मंजूर कोणी केली, तर आमच्याच खरेदी विभागाने, त्यांना गॅसशी काय देणंघेणं? आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, किती भरायचा ते मशीनच्या पाटीवर छापावं लागतं. तिथे 'वीज भरण्याचं प्रमाण' छापलं असतं म्हणजे झालंच.

शेवटी एजन्सीला वगळून सूचौच्या मेकॅनिकलाच व्हिडिओ कॉल लावला. गॅसची टाकी दाखवली, तर पठ्ठ्या लगेच म्हणाला, "च्याफू!" आपले मेकॅनिक 'गॅस मारणे' म्हणतात ना, अगदी तसंच. पुस्तकी शब्द 'छोंगचू', तोही त्यानेच लिहून दिला.

मग एजन्सीतल्या बाईंना समजावलं, की मूळ अर्थ गाडीवर ओझं लादणे. बाकीचे सगळे त्यातूनच फुटले. आपल्याकडे नाही का, विद्युतभार, कार्यभार, प्रभारी, सगळीकडे भार. पण चिनीत प्रत्येकाचं घर वेगळं : पैसे घेणे 'शौफेइ', जबाबदार माणूस 'फूत्सरन', फोनमध्ये बॅलन्स टाकणे 'छोंगचृ'. गंमत म्हणजे लाठीचार्जसारखं चाल करून जाणं त्यांच्याकडे 'छोंगफंग', पण त्यातला छोंग वेगळ्या अक्षराचा. उच्चार ऐकून हुरळून जाऊ नका, अक्षर बघा.

सूचीत 'चार्ज'च्या चार वेगळ्या ओळी झाल्या तेव्हा कुठे गाडी हलली. हे काम करणार असाल तर इंग्रजीतच 'चार्ज द युनिट' असं मोघम लिहू नका. काय भरायचं, गॅस की वीज, ते तिथेच लिहा. आणि हो, सूची मंजुरीला जाण्याआधी ती सर्व्हिसच्या माणसाने वाचायलाच हवी, खरेदीवाल्यांवर सोडू नका.

मॅन्युअल छापून गेलं. एजन्सीच्या बिलात सूची दुरुस्तीचा जादा चार्ज लावलाय. तो मी अजून पास केलेला नाही.