चीर तळाला, दोष जोडाला

फायबरग्लासच्या रेडिओ कंट्रोल बोटी दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. दगडावर घासलेले तळ, फुटलेली नाकं, मुळातून हललेले रडर, म्हणजे सुकाणू, हे नेहमीचं. त्यातलं फारसं लक्षात राहत नाही. एक बोट मात्र पक्की लक्षात राहिली, कारण तिची चीर जिथे होती तिथे तिचा कमकुवतपणा नव्हताच.

खोल व्ही आकाराच्या तळाची, सव्वा मीटरच्या आसपास लांबीची बोट. आत २६ सीसीचं पेट्रोल इंजिन. सांगाडा काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिनचा (रेझिन म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव), वर जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, तळाची जाडी साधारण २ मिलिमीटर. इंजिनच्या थोडं मागे तळाला आडवी चीर गेली होती. ती घेऊन आलेला मुलगा शर्यतीत उतरणारा, चांगला हात असलेला.

"दादा, हाच तळ आधी एकांकडून भरून घेतला होता. तरी परत फुटला. आता असा जाड भरा, की विषयच संपेल."

आत दिवा धरून पाहिलं. आधीच्या दुरुस्तीत तळावर मॅटचा, म्हणजे काचेच्या आखूड तंतूंच्या चटईचा, चौकोनी ठिगळ लावला होता. जाडी ५ मिलिमीटरपर्यंत, कोपरे काटकोनात, कडा भिंतीसारख्या उभ्या. नवी चीर त्या ठिगळाच्या पुढच्या कडेला अगदी चिकटून, पट्टीने आखल्यासारखी सरळ गेली होती. ठिगळ स्वतः शाबूत होता.

हे मी अनेकदा पाहिलं आहे. फायबरचा पातळ तळ लाटेवर आदळला की थोडा वाकतो आणि परत येतो. तो तसाच टिकतो. त्यावर मध्येच एक जाड, ताठ तुकडा बसवला की वाकण्याचं सगळं काम त्या तुकड्याच्या कडेवर एकवटतं. २ मिलिमीटरवरून एकदम ७ मिलिमीटर झालं, की त्या रेषेवर तळ मोडायला तयारच असतो. ठिगळ आणखी जाड केला असता, तर चीर फक्त थोडी पुढे सरकली असती.

मी त्याला विचारलं, "अरे, आता पळते कशी?"

"आधी पाण्याला धरून सरळ जायची. आता वेग वाढवला की नाक वर-खाली आपटत जाते. मी नाकात शिशाचे तुकडे चिकटवले, तेव्हा थोडं कमी झालं."

बोट उलटी करून तळावर स्टीलची पट्टी लांबीला धरली. सरळ असायला हवा तो तळ मागच्या भागात बाहेर फुगला होता. पट्टी मध्यावर टेकून दोन्हीकडे डुलत होती, टोकांखालून उजेड दिसत होता. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकुंचन पावतं, आकारमानाने ७ टक्क्यांपर्यंतही. तळाच्या आतल्या बाजूला एवढा जाड थर एका दमात दिला, तर तो आतली बाजू ओढून घेतो आणि बाहेरची फुगते. वेगात धावणाऱ्या बोटीचा तळ मागच्या भागात असा फुगीर झाला, की पाणी तिथून सरळ सुटत नाही. ते शेपूट खाली ओढतं, नाक उचललं जातं, मग ते पडतं, परत उचललं जातं. प्रत्येक आदळ त्या ठिगळाच्या कडेवर. म्हणजे दुरुस्तीने तळ वाकवला, वाकलेल्या तळाने आपटणं वाढवलं आणि आपटण्याने तळ फोडला.

दुसऱ्या चिरेचं कारण मिळालं. पण पहिली का पडली होती? ठिगळ लागण्याआधी तळ सरळ होता, बोट नीट धावत होती, कुठे धडकलीही नव्हती. हा प्रश्न सोडून कामाला लागणं मला पटेना.

नाण्याने ठोकत सगळा तळ फिरलो. चांगल्या फायबरवर आवाज टणक येतो, थर सुटले असतील तिथे बद्द येतो. चिरेजवळ दोन-तीन बोटं रुंदीचा पट्टा बद्द वाजला, बाकी तळ टणक. मग इंजिन आणि टाकी काढून ठेवली, एका हाताने नाक धरलं, दुसऱ्याने ट्रान्सम, म्हणजे मागची उभी पाटी, आणि बोट हलकेच पिळली. पहिल्या नजरेत काही नाही. पण डावीकडे डेक, म्हणजे वरचा भाग, आणि तळाचा भाग जिथे जुळतात, त्या जोडाची रेघ पिळताना बारीक उघडत होती आणि सोडली की मिटत होती. तिथे गेज पट्टीचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडग्यातलं, सर्वांत पातळ पान लावलं. ते आत गेलं. इंजिनाच्या रेषेपासून ट्रान्समपर्यंत, वीतभराहून जास्त लांबीचा जोड सुटला होता.

या बोटी दोन भागांत साच्यातून निघतात: खाली हल, वर डेक. दोन्ही जुळवून आतून फायबरच्या पट्टीने बांधतात. झाकण चिकटवून बंद केलेला पुठ्ठ्याचा खोका पिळून पाहा आणि मग तोच झाकण काढून पिळा. फरक हाताला लगेच कळतो. बंद पेटी पिळाला जबर विरोध करते, उघडी जवळपास करतच नाही. बोटीचंही तेच. लाट एका बाजूला आदळली की सांगाड्याला पीळ बसतो. जोड धड असेपर्यंत तो पीळ डेक, बाजू आणि तळ मिळून वाटून घेतात. जोड सुटला की सगळा भार तळावर. तळ बिचारा शेवटपर्यंत झुंजला आणि फुटला, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

जोड सुटण्याचं कारणही तिथेच होतं. आतल्या पट्टीत मॅटचे आखूड, कसेही पडलेले तंतू, तेही कोरडे, नीट न भिजलेले. त्यांच्या पांढुरक्या भागात पेट्रोलमधलं टू-स्ट्रोक तेल झिरपून पिवळे डाग पडले होते.

त्या मुलाला बोलावून गेज पट्टीचं पान जोडात जाताना दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मग तळ भरायचाच नाही का?"

"भरायचा. पण आधी जोड."

तेलकट फायबरवर काहीही चिकटत नाही, आणि घासून तेल जात नाही, उलट आत रगडलं जातं. म्हणून पॉलिश पेपरला हात लावण्याआधी कोमट साबणाच्या पाण्याने धुणं, मग ॲसिटोन, दर वेळी स्वच्छ फडका आणि एकाच दिशेने पुसणं. खात्रीसाठी पाणी शिंपडायचं: पाण्याचा पातळ पडदा सलग पसरला तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब गोळा झाले तर अजून तेल आहे. इथे बरेचदा थेंब गोळा झाले. या पायरीला घाई करणारी दुरुस्ती मी कधीच चांगली म्हणणार नाही, वरून ती कितीही चकचकीत असो.

मग ठिगळ काढायला घेतला. धूळ चांगल्या प्रतीच्या मास्कशिवाय सहन करू नये. काचेचे बारीक तंतू कातडीत टोचतात आणि फुप्फुसात तर नकोतच. सगळा ठिगळ एकदम घासत न बसता आधी त्यात आडवे-उभे चर पाडले. चर मूळ तळाजवळ पोचत गेले तसं सहज स्टीलची पट्टी परत लावून पाहिली, आणि फुगवटा डोळ्यांदेखत कमी झालेला. आकसलेल्या थराची ओढ चरांमुळे तुटत होती आणि तळ आपल्या मूळ आकाराकडे परत येत होता. एवढ्या वर्षांच्या कामात इतकं स्पष्ट मी प्रथमच पाहिलं. शेवटचा थर निघाला तेव्हा पट्टीखाली उजेडाची जेमतेम केसाएवढी फट उरली.

ती फट घालवायला जाड काचेच्या दोन सपाट पट्ट्या घेतल्या, त्यांवर पॅकिंग टेप लावून मेण चढवलं आणि व्हीच्या दोन्ही बाजूंना बाहेरून घट्ट बांधल्या. आता आत काहीही केलं तरी तळाला काचेइतकंच सरळ राहावं लागणार होतं.

आधी जोड. बोट डाव्या कुशीवर आडवी ठेवली, म्हणजे जोड सर्वांत खाली आला आणि रेझिन ओघळण्याऐवजी तिथेच साचून राहील. सुटलेल्या फटीत सिलिकाची पूड मिसळून दाट केलेलं इपॉक्सी, म्हणजे दुसऱ्या जातीचं रेझिन, सिरिंजने भरलं, बाहेरून टेपने आवळलं. आतल्या कोपऱ्यात त्याच दाट इपॉक्सीने गोलाई दिली, कारण काचेचं कापड काटकोनात बसत नाही, मागे पोकळी राहते. त्यावर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या, दोन्ही दिशांना ४५ अंशांत तंतू असलेल्या कापडाच्या पट्ट्या. पिळाचा भार तिरका धावतो, म्हणून तंतूही तिरके हवेत; शिवाय असा प्रत्येक तंतू जोड ओलांडून जातो. हॅचमधून, म्हणजे डेकवरच्या झाकणाच्या तोंडातून, जेमतेम हात जातो, तेव्हा पट्ट्या प्लॅस्टिकच्या कागदावर आधीच भिजवल्या, कागदासकट गुंडाळल्या, आत उलगडल्या आणि लांब काठीला बांधलेल्या ब्रशने आरशात बघत दाबल्या. दुसरी पट्टी पहिलीपेक्षा अरुंद, म्हणजे कडा पायरीसारखी उतरते. उजवा जोड सुटला नव्हता, तरी ती बाजूही दुसऱ्या दिवशी तशीच बांधली.

इपॉक्सी का, तर घट्ट झालेल्या पॉलिएस्टरवर ते चांगलं धरतं. उलट क्रम चालत नाही. इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने बसत नाही. म्हणूनच शेवटी बाहेरून जेलकोट न देता टू-पॅक, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा, पॉलियुरेथेन रंग दिला.

मुलाने मध्येच आग्रह धरला, "दादा, कार्बन घाला ना."

त्याचा आग्रह मला समजतो, कार्बन दिसतोही देखणा. पण कार्बनचा तंतू काचेच्या तिप्पट ताठ, आणि तुटण्याआधी तो ताणला जातो काचेच्या निम्म्याहून कमी. काचेच्या लवचिक तळात एका जागी कार्बन म्हणजे परत तोच ताठ ठिगळ. शिवाय कार्बन वीजवाहक असल्याने २.४ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल अडवतो. अँटेना त्याच्याआड गेली तर भरवेगातली बोट हाताबाहेर जाऊ शकते. त्याला हे पटलं.

मग चीर. दोन्ही टोकांना २ मिलिमीटरची भोकं पाडली, म्हणजे ती पुढे सरकत नाही. आतून दोन्ही बाजूंना १२ला १ असा उतार घासला: २ मिलिमीटर जाडीला प्रत्येकी २४ मिलिमीटर. सुटलेले थर त्यातच निघून गेले. भरताना सर्वांत मोठं कापड आधी आणि मग क्रमाने लहान. पुष्कळ जण उलट करतात. माझं मत असं, की मोठं कापड पहिलं घातलं की ते घासलेल्या मूळ फायबरला सगळीकडे चिकटतं आणि नंतर वरून घासताना ते कापलं जात नाही. सहा थरांत मूळ जाडी भरून निघाली. मग सगळ्या मागच्या तळावर एकच पातळ, १६० ग्रॅमचं कापड, त्याच्या कडा नागमोडी कापून, कुठेही सरळ रेष न ठेवता. इंजिन ज्यांवर बसतं त्या पट्ट्या तळावर जिथे एकदम संपत होत्या, तिथेही उतार देऊन त्या विरत नेल्या.

काचेच्या पट्ट्या न सोडता बोट खोक्यात बल्बच्या उबेत, ५० अंशांच्या आसपास, रात्रभर ठेवली. इपॉक्सी नुसत्या हवेत घट्ट झालं तर उन्हात तापलेल्या बोटीत मऊ पडायला लागतं. आधी उबेत पिकवलं की ती भीती कमी होते. बाहेरचं भरणं-घासणं नेहमीसारखंच. फक्त ट्रान्समची खालची कड पॉलिश पेपरने गोल होऊ दिली नाही. ती धारदार हवी, नाहीतर पाणी तिला वळसा घालून वर चढतं आणि बोटीला ओढतं.

वजन केलं. आली होती त्यापेक्षा सांगाडा सुमारे ६० ग्रॅमने हलका भरला. तो मुलगा काटा परत परत शून्यावर आणून बघत होता.

पाण्यावर पहिले फेरे त्याला हळूच मारायला लावले, मग पूर्ण वेग. नाक आता वर-खाली होत नव्हतं, पण बोट पाण्यात दबून, जड धावत होती. शिशाचे तुकडे अजून आतच होते. ते काढले आणि ती मोकळी सुटली, वळणावरही एका पातळीत. बाहेर काढून पुसली, पिळून पाहिली, जोडावर गेज पट्टी लावली. कुठेच शिरली नाही.

जाताना तो म्हणाला, "दादा, याच साच्यातली अजून एक बोट आहे माझ्याकडे. तिला काही झालेलं नाही."

"घेऊन ये," म्हटलं.

आणली. तळ निर्दोष, नाण्याखाली सगळीकडे टणक. पण डावीकडच्या जोडाची आतली पट्टी इंजिनाजवळ पांढरी पडायला लागली होती आणि एका जागी पातळ पान अर्ध्यापर्यंत आत गेलं. तिचे दोन्ही जोड बांधून दिले. तळाला हात लावावा लागला नाही.